‘तुमच्यात वेगळं काय आहे?’

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय वाचून काल रात्रीपासून दोघीतिघींनी मला विचारलं, की हिंसाचार, रेशन, पाणी, असंघटित कामगार बायकांची मजुरी एवढे विषय समोर असताना बिझनेस स्कूलच्या अर्जातले निबंध हा विषय आपल्या शिबिरात कशाला? प्रश्न रास्त आहे. बँकांचे आणि कंपन्यांचे उद्याचे अधिकारी ज्या संस्थांतून तयार होतात, त्यांच्याशी आपला संबंध आजवर फार तर निवेदन देण्यापुरता आला. तिथे जायला मुलींना मदत करावी की नाही यावर आपल्यात मतभेद आहेत, आणि ते असू देत. आज मी त्या वादात शिरत नाही.

मी या विषयाकडे वळले ती दुसऱ्याच वाटेनं. आपल्या केंद्रात शनिवारी दुपारी ज्या मुली येतात त्यांच्यातल्या काहीजणी हे अर्ज भरतात. मी २२ वर्षं वाणिज्य महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं, म्हणून आपले निबंध त्या माझ्याकडे घेऊन येतात. ते वाचता वाचता मला जाणवलं, की हा अर्ज त्यांना जे विचारतो तेच आपण १९७५ पासून एकमेकींना विचारत आलो आहोत: तुझा अनुभव सांग. जाणीवजागृतीच्या गटांत आपण गोल करून बसायचो आणि एकेकीनं बोलायचं. पण आपण अनुभव सांगायचो तो ‘हे तुझ्याही बाबतीत घडलं का?’ हे शोधण्यासाठी. अर्ज विचारतो, तुझ्या बाबतीत असं काय घडलं जे दुसरीच्या बाबतीत घडलं नाही? कच्चा माल एकच, बाजार मात्र वेगळा. आणि माल आपल्या मुलींच्या आयुष्यातला आहे, तेव्हा त्या बाजाराची रीत आपल्याला माहीत असलेली बरी.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगते. आपल्याकडे आय.आय.एम.ला जायचं तर कॅट ही परीक्षा, मग मुलाखत, आणि कायद्यानं राखीव असलेल्या जागा. अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलना परीक्षेचे गुण, शिफारसपत्रं, नोकरीचा अनुभव हे सगळं लागतंच, पण त्याशिवाय निबंध लागतात. आपल्याकडे हैदराबादचं इंडियन स्कूल ऑफ बिझनेसही ते मागतं. स्टॅनफर्डचा एक प्रश्न वर्षानुवर्षं तोच आहे: तुमच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं काय, आणि का? हार्वर्डनं २०२४ पासून तीन छोटे निबंध मागायला सुरुवात केली, तिन्ही मिळून ८०० शब्द. ड्यूक विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलनं तर कित्येक वर्षं स्वतःबद्दलच्या २५ गोष्टींची यादीच मागितली. शब्द कसेही फिरवा, मुद्दा एकच असतो, की आमच्या वर्गात तू अशी कोणती भर घालशील जी दुसरं कुणी घालू शकणार नाही? दोन वर्षांचा खर्च राहण्याखाण्यासकट २ कोटी रुपयांच्या आसपास जातो. एवढ्याशा मजकुरावर किती टांगलेलं असतं याचा अंदाज तुम्हीच करा.

आता हा ‘वैविध्य’ शब्द तिथे आला कुठून? आपण तो चांगला शब्द म्हणून ऐकतो, पण त्याचा जन्म एका माघारीतून झाला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या वैद्यकीय शाळेनं १०० पैकी १६ जागा अल्पसंख्य समाजांतल्या विद्यार्थ्यांसाठी बाजूला ठेवल्या होत्या. बाकी नावाच्या एका गोऱ्या अर्जदारानं त्याविरुद्ध दावा लावला. (नाव ऐकून गंमत वाटते, पण खटला खरोखरच जुन्या बाकीचा होता.) १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की अशा ठरावीक जागा राखता येणार नाहीत. मात्र न्यायमूर्ती पॉवेल यांनी एक फट ठेवली: वर्गात निरनिराळ्या तऱ्हेची माणसं असली की सगळ्यांचंच शिक्षण चांगलं होतं, म्हणून वंश ही अनेक बाबींपैकी एक बाब म्हणून पाहायला हरकत नाही. त्या न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी वेगळं मत लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं, की शेकडो वर्षांची गुलामगिरी आणि त्यानंतरचा भेदभाव एवढा समोर असताना त्याची भरपाई का करायची नाही? तो विचार मागे पडला. ज्याचं देणं लागतो त्याचं देणं फेडायचं, ही भाषा जाऊन त्या जागी ‘तुमच्या येण्यानं आमच्या वर्गाची शोभा वाढेल’ ही भाषा आली.

आपल्याकडचा इतिहास शेजारी ठेवून पाहा. शाहू महाराजांनी १९०२ साली कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखल्या. त्यामागे असा विचार नव्हता, की मागासवर्गीय कारकून शेजारी बसल्यानं ब्राह्मण कारकुनाचं अनुभवविश्व समृद्ध होईल! तो वाट्याचा प्रश्न होता. बाबासाहेबांनीही प्रतिनिधित्व मागितलं ते हक्क म्हणून. राखीव जागेवर येणाऱ्या मुलीला आपलं दुःख रंगवून सांगावं लागत नाही. तिला दाखला काढावा लागतो, त्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालावे लागतात, वर्गात टोमणे ऐकावे लागतात, हे सगळं खरं. पण ‘माझ्यामुळे तुमचा काय फायदा होईल’ हे तिला आधी पटवून द्यावं लागत नाही.

अमेरिकेत पुढे ही फटही बुजली. २०२३ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात प्रवेशासाठी वंशाचा विचार करणं बेकायदा ठरवलं. मात्र निकालातच असंही म्हटलं, की वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदारानं स्वतः लिहिलं, आणि त्यातून त्याचं धैर्य किंवा क्षमता दिसली, तर विद्यापीठ ते विचारात घेऊ शकतं. म्हणजे सगळा भार आला निबंधावर. अर्जातल्या चौकोनात खूण करून जे सांगता येत होतं ते आता गोष्ट रचून सांगायचं, आणि गोष्टीचा शेवट धैर्यानं व्हायला हवा. जी खचली, जी अजून धडपडते आहे, तिच्यासाठी त्यात जागा नाही. २०२५ च्या जानेवारीत नव्या सरकारनं सरकारी कारभारातले वैविध्याचे कार्यक्रम बंद करण्याचे आदेश काढले, तेव्हापासून पुष्कळ संस्था तो शब्दही जपून वापरतात.

आपल्या मुली तिथे परदेशी म्हणून अर्ज करतात, तेव्हा वंशाचा तो कायदा त्यांना जसाच्या तसा लागू पडत नाही. पण निबंध वाचणारी नजर याच इतिहासात तयार झाली आहे. त्यात भारतातून येणाऱ्या अर्जांत इंजिनिअर मुलग्यांची गर्दी. म्हणून सल्लागार मुलींना पहिल्याच बैठकीत सांगतात: ‘तू मुलगी आहेस, लहान गावातली आहेस, हाच तुझा प्लस पॉइंट.’ पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘घरून विरोध झाला असेल ना? तो लिही.’

इथे मला आनंदीबाई जोशींची आठवण होते. एका मराठी बाईनं अमेरिकेतल्या शिक्षणसंस्थेला केलेला, आज आपल्याला वाचायला मिळणारा असा अर्ज म्हणजे त्यांचं १८८३ च्या जूनमधलं पत्र. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी ते लिहिलं, आणि आज ते तिथल्याच ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. वय १८. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करत नसू, हे त्या आडपडदा न ठेवता सांगतात. आप्तस्वकीयांचा आणि जातीचा विरोध पत्करून आले, हेही सांगतात. पण तो विरोध त्या किती शब्दांत आणतात पाहा! एका वाक्यात. आणि लगेच पुढे जातात ते कामाकडे: माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना योग्य औषधोपचार मिळावा म्हणून मी आले. वेगळेपण आहे, पण ते दाखवण्याची वस्तू म्हणून ठेवलेलं नाही.

याच कहाणीचा आधीचा भाग मात्र आपण सहसा सांगत नाही. १८७८ साली गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली होती. उत्तर आलं ते धर्मांतराच्या अपेक्षेचं. अर्ज वाचणाऱ्याला एक ठरावीक गोष्ट ऐकायची होती: अंधारातून आमच्या उजेडाकडे येणारी हिंदू बाई. आनंदीबाई निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरला जाहीर सभेत बोलल्या, तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. त्यातल्या धर्माभिमानाबद्दल आज आपण वाद घालू, घालायलाही हवा. पण मागणाऱ्याच्या जागी उभं राहूनही त्यांनी देणाऱ्याला हवी असलेली गोष्ट सांगितली नाही, हे मला मोठं वाटतं. वाचणारा बदलला, पण त्याची भूक फारशी बदललेली नाही. धर्मांतराच्या जागी आता ‘मागासलेल्या घरातून सुटका’ आली आहे.

एका मुलीचं उदाहरण सांगते. तिची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यातली मुलगी, पुण्यात नोकरी करणारी. पहिला निबंध घेऊन आली तो कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला प्रायोजक कसे मिळवले त्यावर होता. तो कुणीही लिहिला असता. मग ती एका सल्लागाराकडे गेली, आणि दुसरा निबंध आला: दुष्काळी भाग, कर्मठ वडील, शिक्षणाला विरोध, आणि सगळ्यांवर मात करून उभी राहिलेली ती. मी विचारलं, ‘वडील खरंच नको म्हणाले होते?’ ती गप्प. मग म्हणाली, ‘नाही हो मॅडम. पप्पा एस.टी.त कंडक्टर आहेत. ड्यूटी बदलून घेऊन माझ्या अ‍ॅडमिशनच्या रांगेत तेच उभे राहिले होते.’ आता सांगा, ज्या बापानं एवढं केलं त्याला परक्या देशातल्या वाचकासमोर खलनायक करायचं, आणि त्याला ते कधी कळणारही नाही!

बोलता बोलता सहज निघालं, की आठवीपासून ती आईच्या बचतगटाचं रजिस्टर लिहायची. ‘त्यात काय लिहायचं? घरचंच काम ते,’ असं तिचं मत. मी म्हटलं, सांग तर खरं. गटात १४ जणी. महिन्याला १०० रुपये बचत, अंतर्गत कर्जाला महिना दोन टक्के व्याज, हप्ता चुकला की ५० रुपये दंड. एकीनं शेळ्यांसाठी ८,००० रुपये उचलले आणि ते नवऱ्यानं काढून घेतले. पाच महिने हप्ता नाही. नियमाप्रमाणे दंड आणि व्याज चढत गेलं. बैठकीत दोन तट पडले. तेव्हा बायकांनी या पोरीला सांगितलं, की माफ केलं तर आपल्याला किती फटका बसतो ते काढ. तिनं काढलं: पाच महिन्यांचं व्याज ८००, दंड २५०, म्हणजे १,०५०, प्रत्येकीच्या वाट्याला ७५ रुपये. ती रक्कम तिनं वाचून दाखवली, आणि मग वाद खऱ्या अर्थानं सुरू झाला. कारण तोपर्यंत सगळ्या तत्त्वावर भांडत होत्या, आता समोर ७५ रुपये होते. दोन रात्री बसून ठरलं, की दंड आणि व्याज माफ, मुद्दल २० हप्त्यांत, आणि इथून पुढे कर्जाची रक्कम घरी न्यायची नाही, दोघीजणी बरोबर जाऊन वस्तू घ्यायची.

मैत्रिणींनो, पत, थकबाकी, जोखीम, नियम आणि माणुसकी यांची सांगड, निर्णयाची प्रक्रिया, बिझनेस स्कूलमध्ये दुसरं काय शिकवतात? आणि ही मुलगी म्हणते घरचंच काम! बाईनं केलेलं व्यवस्थापन हे व्यवस्थापन नसतं, हे आपण इतकं पचवलं आहे, की ते लिहायचं सुचतही नाही. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलनं १९०८ साली सुरू झाल्यावर बायकांना दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षापासून घेतलं ते १९६३ साली, त्याही आठजणींना. तोपर्यंतच्या ५५ वर्षांत बायका काय हिशेब करत नव्हत्या?

तिनं तो प्रसंग लिहिला. पण त्याआधी आम्ही थांबलो, कारण त्या प्रसंगात आणखी एक बाई होती, नवऱ्यानं पैसे काढून घेतलेली. तिची फजिती ही हिची मालमत्ता नव्हे. मुलीनं गावी फोन लावला. ती बाई म्हणाली, ‘लिही, पण गाव लिहू नको, आणि नंतर मी सगळे पैसे फेडले ते लिही.’ तेही लिहिलं. निकाल विचाराल तर एका शाळेनं नकार दिला, दुसरीनं प्रवेश दिला पण शिष्यवृत्ती पुरेशी नव्हती, म्हणून ती गेली नाही. या वर्षी पुन्हा अर्ज करते आहे.

दुसऱ्याचं आयुष्य आपलं वेगळेपण म्हणून वापरण्याचा हा प्रकार सुखवस्तू घरांतल्या मुलींच्या निबंधांत तर सर्रास. कामवाल्या बाईच्या मुलीला शिकवलं, वस्तीत महिनाभर गेले, आणि ‘माझे डोळे उघडले’. त्या मुलीचं नाव काय, ती पुढे कितवीपर्यंत शिकली, हे विचारलं की सांगता येत नाही. डोळे उघडण्यासाठी दुसऱ्याची गरिबी लागते, आणि ते उघडले की त्याचं प्रमाणपत्र आपल्याला! आईबद्दल लिहितानाही हेच होतं. गेल्या वर्षी एकीनं आईला बरोबर आणलं होतं. मी निबंध मराठीत सांगितला, तर आईनं मध्येच अडवलं: ‘मी रडत बसले असं कुठंय? मी भांडून आले होते सासऱ्यांशी.’ वाक्य बदलावं लागलं.

जातीबद्दल मात्र मी ठाम सल्ला देत नाही. एका दलित मुलीनं विचारलं, ‘लिहू की नको?’ तिकडच्या वाचकाला जात कळतेच असं नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत सिअ‍ॅटल शहरानं जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसं विधेयक मंजूर केलं, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरनं ते अडवलं. म्हणजे विषय पोचला आहे, पण अर्धवट. शिवाय मुलाखत पुष्कळदा त्या शाळेचे इथलेच माजी विद्यार्थी घेतात, आणि ते बहुधा कोणत्या घरांतले असतात हे तुम्हाला सांगायला नको. काही शाळांत मुलाखत घेणाऱ्याच्या हातात फक्त नोकरीशिक्षणाचा तक्ता असतो, काही शाळांत त्यानं निबंधासकट अख्खा अर्ज वाचलेला असतो. हे आधी चौकशी करून माहीत करून घ्या, मग ठरवा. त्या मुलीनं जातीचा शब्द न घालता आजोबांनी विहारात सुरू केलेल्या अभ्यासिकेबद्दल लिहिलं: रात्री दिवा कोण लावायचं, वीज गेली की कोणाच्या घरून कंदील यायचा, जागेवरून भांडणं कशी मिटवायची. दुसरीनं कदाचित उघड लिहिलं असतं, आणि तेही बरोबर असतं. जखम दाखवणं ही प्रवेशाची फी नाही, एवढं मी त्यांना सांगते. आणि एक गोष्ट मला खटकते. ‘जात लिहू का?’ हा प्रश्न आजवर माझ्याकडे एकाही सवर्ण मुलीनं विचारलेला नाही. त्यांच्या निबंधात ती ‘आमच्या घरात पहिल्यापासून शिक्षणाचं वातावरण’ अशी येते. हे वातावरण कुठून आलं, आजोबांना वतन होतं की नोकरी, आजी मात्र चौथीतच का थांबली, हे लिहून आणा म्हटलं की त्या गोंधळतात. पण ज्या एकीदोघींनी लिहून आणलं त्यांचे निबंध मला अजून आठवतात.

हल्ली मुली यंत्राकडूनही लिहून आणतात. इंग्रजी सफाईदार असतं, पण दहा निबंध शेजारी ठेवले तर नावं अदलाबदल करून चालतील. लाखांनी पैसे घेणाऱ्या सल्लागारांचंही थोडंफार तसंच. आपल्याकडे या दोघांपाशी नसलेली एक गोष्ट आहे. बाई बोलताना मध्ये कुठे थांबली, काय वगळलं, आणि ‘त्यात काय सांगायचं’ असं कुठे म्हणाली, हे ऐकायची आपल्याला सवय आहे. समुपदेशनाच्या टेबलावर आपण तेच करतो. इंग्रजी फारसं येत नसलं तरी हे काम तुम्हाला येतं.

दुसऱ्या फेरीची मुदत बहुतेक शाळांत जानेवारीच्या सुरुवातीला असते. म्हणून दिवाळीनंतरचे चार शनिवार, दुपारी २ ते ५, मी केंद्रात या कामासाठी ठेवले आहेत. तुमच्या भागातल्या मुली पाठवा. पहिला खर्डा मराठीत असावा, बोलीत असला तर अधिक चांगलं. इंग्रजी आपण नंतर करू. वर्गणी नाही. निबंधात ज्यांचा उल्लेख आहे त्यांच्यापैकी कुणाला बरोबर आणता आलं तर आणा, निदान विचारून तरी या. आणि तुमच्यापैकी दोघीतिघींनी माझ्याबरोबर बसावं, कारण एकटीनं वाचायला हे फार होतं. कोण कोण बसणार ते जेवणाच्या आधी मला सांगा.